नऊ वर्षांचं खमीर

माझ्या भावाबद्दल कुणी चार शब्द बरे बोलायला लागलं की मला मळमळतं. वाईट बोलायला लागलं तरी मळमळतं, कारण काही झालं तरी भाऊ माझा आहे. तेव्हा त्याच्याबद्दल जे काय बोलायचं ते मीच बोलते, दुसऱ्यानं तोंड घालू नये.

मोन्स तुफ्ते. वय सदुसष्ट. एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला, लग्न केलं नाही, आणि या दरीतल्या प्रत्येक मयताची, लग्नाची अन् नाताळची बिअर आमच्या घरामागच्या भट्टीच्या खोलीत केली. ते काम आमच्या घराकडं आजोबांपासून. त्यांच्यानंतर आईनं केलं, आईनंतर यानं. ज्या घरात मरण झालं त्या घरानं मयताची बिअर घालायची नसते, शेजाऱ्यानं घालायची. आणि ती बिघडली तर लोक मेलेल्या माणसाला विसरतात, बिअर तेवढी लक्षात ठेवतात. आमच्याकडं चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या एका सुताराला अजून ‘आंबट हालस्टाइन’ म्हणतात. बिचाऱ्यानं जन्मात कुणाचं वाकडं केलं नव्हतं. ज्यानं ती बिअर नासवली त्याचं नाव मात्र कुणाला आठवत नाही.

मी स्वतः लग्न होऊन बर्गन शहरात गेले, तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात राबले, नवरा गेल्यावर दोन वर्षांपूर्वी परत आले. मोन्सकडं राहायला नाही हं. ओढ्यापलीकडं वेगळं घर घेतलं. मोन्सच्या घरात राहण्यापेक्षा मी गोठ्यात झोपेन, आणि गोठाही त्याचा नसला पाहिजे. त्याच्या टेबलावरचं मेणकापड एकदा मी पुसायला घेतलं तर फडकं त्यालाच चिकटून बसलं. लोकरीचे मोजे चुलीवर वाळत घातलेले, त्यांच्याच खाली कॉफीची किटली. मी म्हटलं, ‘‘मोन्स, मोज्यातून गाळतोस की काय कॉफी?’’ तर म्हणतो, ‘‘आजवर कुणी तक्रार केली नाही.’’ कोण करणार? येतंय कोण तुझ्याकडं?

एक बाई यायची. शेजारच्या हौगे वाडीवरची ओड्लाउग. मोन्स बिअर घालायचा त्या दिवशी ती शाल गुंडाळून, हातात टोपली घेऊन हमखास हजर. पिंपावरचं पांघरूण उचलून बघायची, मान हलवायची, बाकावर बसायची, निघून जायची. मला ती तेव्हा आगाऊ वाटायची. बाई, तुझ्या घरी पिंप नाही का, असं तोंडावर म्हटलंही होतं मी तिला. ती नुसती हसली.

मार्चमध्ये एका शनिवारी ओड्लाउग मेंढ्यांना गवत टाकताना पडली ती उठलीच नाही. चौसष्ट वर्षांची होती. रविवारी तिचा नवरा स्टाइनार आमच्या अंगणात येऊन उभा राहिला, टोपी हातात.

‘‘मोन्स, शुक्रवारी दफन आहे. हा नाही, पुढचा.’’

‘‘घालतो,’’ मोन्स म्हणाला.

झालं बोलणं. आमच्याकडचे पुरुष शब्द असे जपून वापरतात, जसे काही रेशनवर मिळतात.

बुधवारी मी मदतीला गेले. बाकीचं सगळं त्यानं नीट केलं होतं, ते कबूल करते. जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या उकळलेलं पाणी, त्यात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, मग ते गाळून चार तास मोठ्या काहिलीत आटवलेलं. खोलीभर गोड वाफ. पिंपातला रस धारोष्ण दुधाइतका कोमट झाला तेव्हा मोन्स कोठारात गेला आणि खमिराचं कडं घेऊन आला.

कडं म्हणजे लाकडाचे तुकडे एकात एक अडकवून केलेलं वेटोळं. दर वेळी बिअर झाली की तळाच्या ताज्या खमिरात ते बुडवायचं, वाळवायचं, कोठारात खिळ्याला टांगायचं. पुढच्या वेळी तेच रसात सोडायचं. आई असताना ते पांढरट, पिठूळ असायचं, ताज्या पावासारखा वास यायचा. मोन्सनं आता माझ्यापुढं धरलं ते काळपट तपकिरी, तेलकट, फटीफटीत जाळी. एका फटीतून एक अळी बाहेर आली आणि आमच्याकडं बघून परत आत गेली. तिलाही आम्ही पसंत पडलो नसणार.

‘‘शी! हे काय आहे?’’

‘‘खमीर.’’

‘‘हे खमीर? अरे, हे मेलेल्या बोकडाच्या गळ्यातलं काढून आणल्यासारखं दिसतंय! शेवटचं कधी बुडवलंस?’’

मोन्स सुरी शोधायला लागला.

‘‘मोन्स, मी काय विचारते?’’

‘‘आईनं बुडवलं होतं.’’

आई जाऊन नऊ वर्षं झाली.

‘‘नऊ वर्षं? नऊ वर्षं तू नुसतं खरवडून वापरतोयस?’’

‘‘आईच्या हातचं आहे ते, गुड्वेग. बुडवलं की वर नवा थर बसतो. मग तिचं खाली जातं.’’

आता याला काय म्हणावं? आईची आठवण म्हणून माणूस फोटो ठेवतो, चष्मा ठेवतो. हा तिचं खमीर कुजवत बसला होता. मला दया यायला हवी होती; मला ओकारी आली. त्यानं सुरीनं चार खपल्या खरवडल्या, वाडग्यातल्या रसात टाकल्या. मी नाक जवळ नेलं. ओला कुत्रा, जुना बूट आणि खवट लोणी.

‘‘तुला वास येत नाहीये?’’

‘‘येतोय की. चांगला येतोय.’’

असं म्हणून त्यानं वाडगं पिंपात ओतलं, छाती भरून श्वास घेतला आणि आरोळी ठोकली. खमीर घालताना ओरडायचंच असतं. आरोळी जेवढी मोठी तेवढी बिअर जोरकस. खमिराला जाग यावी म्हणून म्हणतात. ते नऊ वर्षांचं मढं कसलं जागं होतंय! समोरच्या डोंगरावरून आरोळी परत आली, पिंपात काही हललं नाही.

मोन्सनं पांघरुणं टाकली, हात पुसले. ‘‘मी जरा शेळ्या बघून येतो.’’

शेळ्या चार. त्यांत बघण्यासारखं काय होतं देव जाणे. मीही चिडून घरी गेले.

आईच्या वेळी खमीर घातल्यावर दोन तासांत फेस पांघरुणाला टेकायचा. गुरुवारी सकाळी मी पांघरूण उचललं तर पिंपात डबकं. मोन्सनं गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या, आणखी दोन घोंगड्या टाकल्या, पुन्हा एकदा ओरडला. शुक्रवारी वर एक साय आली, राखाडी, सुरकुतलेली, आणि तिच्यावर चार बुडबुडे. मोन्स खूश.

‘‘बघ, उठलं! म्हातारं आहे, वेळ लागतो.’’

‘‘उठलं नाही ते, सडलंय.’’

‘‘तुला काय कळतं? शाळेत पोरांना मासे उकडून घालायचीस तू.’’

‘‘हो, आणि एकाही पोराला हगवण लागली नाही माझ्या हातून! हे पाजलंस तर सगळा चर्चचा रस्ता घाण होईल.’’

रागारागानं मी त्याच्या स्वयंपाकघरात गेले, पाणी तापवायला. दार उघडलं आणि परत लावलं. असा वास मी जन्मात घेतला नव्हता. स्कार्फ नाकाला लावला, आत शिरले, लाकडांची पेटी ओढली. मागं मेलेला उंदीर. एक नाही, दोन. किती दिवसांचे ते सांगत नाही, तुम्हाला जेवायचं असेल. तेवढ्यात मोन्स आला, त्या पेटीपासून हातभर लांब बसला, पावावर तपकिरी चीज ठेवलं आणि चवीनं खायला लागला.

मी बघतच राहिले. ‘‘मोन्स, डोळे मीट.’’

‘‘का?’’

‘‘मीट म्हणते ना!’’

फडताळातून रॉकेलची बाटली काढली, बूच उघडून त्याच्या नाकाखाली धरली. ‘‘काय आहे सांग.’’

तो जरा घुटमळला. ‘‘कॉफी?’’

मी बाटली टेबलावर आपटली. त्यानं डोळे उघडले, बाटली बघितली, मग पावाकडं बघत बसला.

‘‘कधीपासून?’’

‘‘सहा हिवाळे झाले. तो मोठा ताप आला होता ना, त्यानंतर.’’

‘‘आणि सहा वर्षं तू अख्ख्या दरीची बिअर करतोयस? नाक नसताना? कुजक्या खमिरावर?’’

‘‘कुणी तक्रार केली नाही,’’ तो हळूच म्हणाला.

हे मात्र खरं होतं. गेल्या दोन वर्षांत मीही त्याची बिअर प्याले होते आणि ती उत्तम होती. तिथंच माझं डोकं चालेना. या कड्यातून ती बिअर निघालीच कशी?

पण विचार करायला वेळ नव्हता. दफनाला सात दिवस. ओड्लाउग आगाऊ असेल, पण तिला जन्मभर ‘सडकी ओड्लाउग’ म्हणावं एवढं तिनं माझं काही बिघडवलं नव्हतं. मी मोन्सला काही न सांगता तडक हौगेला गेले. खमीर विकत घ्यायचं नसतं, विकायचंही नसतं. मागायचं असतं, आणि मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं. मोन्सनं मात्र आयुष्यात कुणाकडं काही मागितलं नाही. टँकर बर्फात रुतला तर एकटा फावडं मारत बसायचा, समोरून ट्रॅक्टर जात असला तरी हात करायचा नाही.

स्टाइनार एकटाच बसला होता. मी म्हटलं, ‘‘स्टाइनार, वेळ वाईट आहे, पण ओड्लाउगचं खमीर असेल तर थोडं हवंय. मोन्सचं उठत नाहीये.’’

तो उठला, फ्रिज उघडला. आत झाकण लावलेली काचेची बरणी, वर तिच्या हातानं तारीख घातलेली. त्याच फेब्रुवारीतली. मी झाकण काढलं. पाव, संत्र्याची साल, आणि आईचं स्वयंपाकघर. माझा स्वतःच्या नाकावर विश्वास बसेना.

‘‘तुझ्या आईचंच आहे ते,’’ स्टाइनार म्हणाला. ‘‘ती लग्न होऊन आली त्या वर्षी आमचं खमीर मेलं होतं. ओड्लाउगनं तुमच्याकडून मागून आणलं. तेव्हापासून दोन महिन्यांनी एकदा तरी बिअर घालायची, खमीर ताजं राहावं म्हणून.’’ मग म्हणाला, ‘‘मोन्सच्या पिंपासाठी दर वेळी एवढीच बरणी न्यायची ती. टोपलीत घालून.’’

‘‘मोन्सच्या पिंपासाठी?’’

‘‘तो शेळ्यांकडं गेला की ओतायची. सहा वर्षं. तुला ठाऊक नव्हतं?’’ माझ्याकडं बघून त्यानं मान हलवली. ‘‘हो, तुला नसणारच.’’

माझा असा संताप झाला म्हणता! मेलेल्या बाईवर रागावू नये म्हणतात. पण मला सांगा, हा काय शेजारधर्म झाला? सहा वर्षं एका नकट्या म्हाताऱ्याला फसवायचं, तो छाती काढून आरोळ्या ठोकतोय आणि मागनं हिनं बरणी उपडी करायची! मला असल्या गोड माणसांची किळस येते. बरणी तिथंच टेबलावर ठेवून मी मोन्सच्या घरी परत आले. मोन्स पिंपापाशी बसला होता. तोंडावर फेकल्यासारखं सगळं त्याला ऐकवलं. खमीर कुणाचं, बरणी कुणाची, बिअर कुणाची. ‘‘सहा वर्षं तुला मूर्ख बनवत होती ती!’’

‘‘ठाऊक होतं,’’ मोन्स म्हणाला.

‘‘काय?’’

‘‘मला दिसत होतं ना. वास येत नसला तरी डोळे आहेत. आईच्या खपल्यांना एवढा फेस कुठून येणार?’’ तो घोंगडीचं टोक हातात चुरगाळत होता. ‘‘म्हणून तर मी शेळ्यांकडं जायचो. तिला वेळ मिळावा म्हणून.’’

मी बाकावर बसले.

‘‘या बुधवारी पण गेलो,’’ मोन्स म्हणाला. ‘‘सवयीनं. चांगला तासभर थांबलो. परत येऊन पांघरूण उचललं आणि मग लक्षात आलं.’’

एवढं बोलून तो रडायला लागला. रडणारा पुरुष मला बघवत नाही. नाक गळतं आणि रुमाल कधी जवळ नसतो. माझा दिला. मग म्हटलं, ‘‘झालं असेल तर ऊठ. हे पिंप गटारात ओतू, आणि मग तू हौगेला जा. तू. मी मागितलेलं तिथंच ठेवून आलेय.’’

‘‘तूच आण ना, गुड्वेग. मला नाही मागता येत.’’

‘‘तिनं तुला सहा वर्षं मागायला लावलं नाही. आता ती मेली. माग.’’

दीडशे लिटर ती घाण आम्ही बादल्यांनी उपसली. साय बादलीला चिकटायची, तिचे लोंबते धागे बुटांवर पडायचे. नाक नसल्याचा हेवा वाटण्याची वेळ माझ्यावर तेवढी एकदाच आली. शेळ्यांपुढं एक बादली ठेवून बघितली; चारही तोंड फिरवून उभ्या राहिल्या. मग मोन्सनं तोंड धुतलं, स्वच्छ सदरा घातला आणि हौगेचा चढ चढून गेला. मी खिडकीतून बघत होते. दारात तो इतका वेळ नुसता उभा राहिला की मला वाटलं आता परत फिरतो. मग त्याचे हात हलताना दिसले, बोलत असणार. स्टाइनारनं त्याला आत घेतलं.

शनिवारी नाताळसाठी ठेवलेलं माल्ट काढून सगळं पुन्हा केलं. रस कोमट झाला, मोन्सनं बरणी हातात घेतली आणि दाराकडं बघितलं.

‘‘मी जरा शेळ्या...’’

‘‘बस खाली! शेळ्या कुठं पळून जात नाहीत. माझ्या डोळ्यांदेखत ओत.’’

त्यानं ओतलं. आरोळीसाठी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मग मीच ओरडले. शाळेत तीनशे पोरांना जेवायला बोलवायचे त्या आवाजात. मोन्स दचकला, हसला आणि मग तोही ओरडला. दीड तासात फेस पांघरुणाला टेकला. मंगळवारी बिअर उतरवली तेव्हा त्यानं आईचं कडं गरम पाण्यात घालून ब्रशनं घासलं, अळ्याजाळ्यांसकट, आणि तळाच्या ताज्या खमिरात बुडवलं. मला काही बोलला नाही. मीही नाही बोलले, आणि ते मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक.

शुक्रवारी दफनानंतर सगळी दरी हौगेच्या मोठ्या खोलीत बसली. मोन्स स्वतः बिअरचा जग घेऊन फिरला. प्रत्येक जण घोट घ्यायचा, मान हलवायचा, ‘‘चांगली बिअर, मोन्स.’’ चांगलीच म्हणायची असते. घोड्याचं मूत दिलं तरी आमचे लोक चांगलंच म्हणतील. पण ही खरंच चांगली होती. शेवटी मोन्स खोलीच्या मधोमध उभा राहिला. कान लाल.

‘‘ओड्लाउगच्या खमिराची आहे,’’ तो म्हणाला. ‘‘आजचीच नाही. सहा वर्षं तिचीच होती.’’

मला वाटलं आता ही माणसं त्याला खाणार. मग चर्चमध्ये घंटा वाजवणारा म्हातारा ब्रिन्युल्व हळूच म्हणाला, ‘‘ठाऊक आहे आम्हाला, मोन्स.’’ पलीकडून एक बाई, ‘‘हो, ठाऊक होतं.’’ तिच्या शेजारची, ‘‘पहिल्या वर्षापासून.’’ भरल्या खोलीत एकेक मान हलत गेली. सगळ्या दरीला ठाऊक होतं! बाहेरचा कुत्रा तेवढा राहिला असेल. मला एवढी किळस आली त्या सगळ्या समंजस चेहऱ्यांची, की मी उभीच राहिले.

‘‘आणि मला? मला कुणी का नाही सांगितलं? सख्खी बहीण आहे मी त्याची!’’

सगळे आपापल्या पेल्यात बघायला लागले. शेवटी स्टाइनारच बोलला, अगदी मऊ आवाजात.

‘‘ओड्लाउगनं बजावलं होतं, गुड्वेग. तू बर्गनहून परत आलीस त्याच दिवशी. म्हणाली, हिच्या कानावर जाऊ देऊ नका. ही त्याला सांगेल.’’

मी सांगितलंच होतं. तोंडावर फेकल्यासारखं.

मोन्स जग घेऊन माझ्यापाशी आला आणि काही न विचारता माझा पेला भरला. मी खाली बसले आणि प्याले.

‘‘चांगली बिअर, मोन्स,’’ मी म्हणाले.